बाबांचा फ्रिजियन संप

शारजातल्या आमच्या रोल्लाच्या घरात सकाळी तीन आवाज असायचे. एक एसीचा, जो बंद पडला की माणूस दचकून जागा व्हायचा. दुसरा आईच्या मिक्सरचा. आणि तिसरा बाबांच्या मोबाइलमधल्या एका अनोळखी बाईचा. ती सावकाश, समजावणीच्या सुरात एक वाक्य म्हणायची आणि मग बाबांसाठी थोडी जागा सोडायची. त्या जागेत बाबा दाढी करता करता तेच वाक्य म्हणायचे. बाई पुन्हा म्हणायची, बाबा पुन्हा म्हणायचे, आणि दोघांच्या वाक्यांत सारखी असायची ती फक्त लांबी. ही भाषा फ्रिजियन. नेदरलँड्सच्या उत्तरेला, समुद्राला बांध घालून राहणाऱ्या लोकांची. आमच्या इमारतीत मल्याळम होती, उर्दू होती, फिलिपिनो लोकांची तागालोग होती, चौथ्या मजल्यावर एक सुदानी कुटुंब होतं. फ्रिजियन बोलणारा कुणी नव्हता, आणि सगळ्या रोल्लात दिवा घेऊन शोधलं असतं तरी सापडला नसता. आई पोळ्या लाटताना न्हाणीघराच्या दाराकडे बघून म्हणायची, "अरबी शिका म्हणून दहा वर्षं सांगतेय. दहा वर्षं."

आईचं काही चुकत नव्हतं. बाबा एका गाळ उपसणाऱ्या कंपनीत कायदा सल्लागार होते. इथलं कोर्ट अरबीत चालतं, त्यामुळे अरबी न येणारा वकील म्हणजे कागद तयार करून दुसऱ्याच्या हातात देणारा माणूस. बाबांच्या मागून आलेले दोन जण अरबी शिकून बाबांच्या पुढे गेले. बाबा मात्र दहा वर्षांत यल्ला, खलास आणि इन्शाल्ला या तीन शब्दांपलीकडे सरकले नाहीत, आणि पन्नाशीला आल्यावर अचानक फ्रिजियनच्या मागे लागले. शब्दकोश मागवला तेव्हा आईने पाकिटावरची किंमत वाचली. "दोनशे दिरहम! म्हणजे साडेचार हजार रुपये. साडेचार हजारांत माणूस दोन भाषा शिकेल." बाबा म्हणाले, "शुभदा, हा प्रश्न तत्त्वाचा आहे." बाबांच्या तोंडी तत्त्व हा शब्द आला, की आई गॅस बारीक करून बाल्कनीत जाऊन उभी राहायची.

बाबा मुळात राजकारणी. शारजात येण्याआधी ते पुण्याजवळच्या एका नगरपालिकेत दोन वेळा नगरसेवक होते. तिसऱ्या वेळी पडले, आणि असे पडले की घराबाहेर पडायचीही त्यांना लाज वाटायला लागली. मग आईच्या भावाने इथली नोकरी बघून दिली. नगरसेवक असताना तालुक्याच्या कोर्टात कामकाज मराठीतच झालं पाहिजे म्हणून त्यांनी उपोषण केलं होतं, त्याचं कात्रण आमच्याकडे लॅमिनेट करून ठेवलेलं आहे. इथे उपोषणाला वाव नव्हता. मराठी मंडळ होतं. बाबा तिथे भाषणं करू लागले, मग अध्यक्ष झाले आणि लागोपाठ तीन वर्षं राहिले. कंपनीत श्यूर्ट नावाचे एक म्हातारे कप्तान होते, निवृत्त होऊनही सल्लागार म्हणून राहिलेले. ते एकदा जेवताना बाबांना म्हणाले, की त्यांच्या प्रांतात न्यायाधीशासमोर उभं राहून आपल्या भाषेत बोलायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि तो फुकट मिळालेला नाही. झालं. दुसऱ्या आठवड्यापासून बाबा दर बुधवारी संध्याकाळी श्यूर्ट अंकलकडे शिकवणीला जाऊ लागले.

इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. कुणाचे वडील गोल्फ खेळतात, कुणाचे शेअर बाजारात बुडतात. आमचे फ्रिजियन शिकतात, असं मी मैत्रिणींना सांगायचे. त्यांना तो एखादा त्वचारोग वाटायचा. खरा त्रास सुरू झाला तो बाबांनी त्या भाषेचा इतिहास वाचायला घेतल्यावर. त्यात त्यांना कुठेतरी सापडलं, की भाषा लढाईत मरत नाही, जेवणाच्या टेबलावर मरते. आईबाप एका भाषेत विचारतात, मुलं दुसऱ्या भाषेत उत्तर देतात, आणि एका पिढीत खेळ खलास. बाबांनी पुस्तकातून मान वर केली आणि टेबलापलीकडे बघितलं. पलीकडे मी होते. सतरा वर्षांची, वरणभात कालवत बसलेली. बाबांनी नुकतंच मला "कॉलेजच्या फॉर्मचं काय झालं?" असं विचारलं होतं आणि मी "आय विल डू इट टुमारो" म्हटलं होतं.

आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत हे असंच चालायचं. आई-बाबा मराठीत बोलायचे, मुलं इंग्रजीत, आणि मध्ये कुणाचं काही अडायचं नाही. पण माझं इंग्रजी मात्र इतरांसारखं नुसतं सवयीचं नव्हतं, त्याला कारण होतं, आणि ते आता सांगूनच टाकते. मी नऊ वर्षांची असताना मंडळाच्या गणपतीत स्टेजवर चार ओळी बोलायला उभी राहिले होते. दुबईच्या ऊद मेथातल्या एका शाळेचा हॉल, पुढे आरतीची ताटं, मागच्या रांगांत ढोकळ्याच्या प्लेटा. मी एक वाक्य चुकीचं बोलले. ते वाक्य मी इथे लिहिणार नाही. त्याला आजवर पुष्कळ लोक हसलेत, त्यात वाचकांची भर नको. हॉल हसला ते मी विसरूनही गेले असते. पण बाबांच्यातल्या राजकारण्याने ते वाक्य उचललं. पुढच्या कार्यक्रमात त्यांनी भाषणाची सुरुवात त्याने केली, आणि हशा आणि टाळ्या एकदम आल्या. मग संक्रांतीला. मग महाराष्ट्र दिनाला. मग दर वर्षी, दर भाषणात, "माझी मुलगी लहान असताना एकदा" असं म्हणून ते थांबायचे, आणि लोक ऐकायच्या आधीच हसायला लागायचे. पुण्याला गेलं तर आत्येभावंडं तेच वाक्य म्हणून माझं स्वागत करायची. अकराव्या वर्षी मी मराठी बोलणं बंद केलं. मी ठरवलं असंही नाही; तोंडच उघडेना. बाबांना वाटायचं, मला शिष्टपणा आलाय.

तर वरणभाताच्या त्या दिवशी बाबांनी हात धुतले आणि वकिली आवाजात जाहीर केलं, "तू माझ्या भाषेत उत्तर देत नाहीस. मग तुला कळणाऱ्या भाषेत बोलायला मीही बांधील नाही. उद्यापासून मी तुझ्याशी फक्त फ्रिजियनमध्ये बोलणार. तू ज्या दिवशी मला मराठीत एक वाक्य बोलशील, त्या दिवशी संप मागे." मी आईकडे बघितलं. आईने ताकाचं भांडं जरा जोरात ठेवलं. आम्हा दोघींना वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण उपोषणाचा अनुभव असलेल्या माणसाला संप कसा टिकवायचा ते माहीत असतं.

बाबांनी पाच आठवडे माझ्याशी फ्रिजियनमध्ये बोलून दाखवलं. सकाळी मी खोलीतून बाहेर आले की ते "गूये" म्हणायचे, म्हणजे नमस्कार. मी पाणी दिलं की "तांकेवोल", म्हणजे आभार. त्यापुढे त्यांच्याकडे शब्द फार नव्हते, म्हणून ते मोबाइलमध्ये बघून वाक्य जुळवायचे, आणि तोवर लिफ्ट निघून जायची. गाडीत मला कोचिंग क्लासला सोडताना ते रस्त्यातल्या वस्तूंची नावं फ्रिजियनमध्ये मोठ्याने घ्यायचे. मी खिडकीकडे तोंड करून इंग्रजीत पुटपुटायचे. विशेष वैताग म्हणजे, ती भाषा इंग्रजीला इतकी जवळची निघाली की बाबा म्हणायचे त्यातलं निम्मं मला आपोआप कळायचं. ते मी त्यांना अर्थातच कळू दिलं नाही. आई बिचारी दुभाषी झाली. बाबांनी काहीतरी म्हटलं की ती अंदाजाने सांगायची, "अगं, ते बहुतेक लवकर ये म्हणतायत," आणि बाबा मानेने नाही म्हणायचे, पण मराठीत सांगायचे नाहीत, कारण मी समोर होते. आई म्हणायची, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." एकदा चिडून तिने दोघांनाही जेवायला वाढलं नाही. आम्ही दोघांनी खालून खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, आणून लबान नावाच्या ताकाबरोबर खाल्ला, समोरासमोर बसून, आपापल्या भाषेत गप्प.

आज इतक्या वर्षांनी त्या माणसाचा हट्ट आठवला की मला अजूनही कपाळाला हात लावावासा वाटतो. घरात भांडण असेल तर माणूस ओरडतो, रुसतो, दार आपटतो. भांडण करण्यासाठी एक आख्खी भाषा शिकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता मला काय हवं होतं ते सांगते. मला यंत्रं आवडायची. आमच्या घरातला एसी मी दहावीत असल्यापासून उघडायचे, आणि शेजारच्या मल्याळी काकूंचा फ्रिज मी दोनदा चालू करून दिला होता. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात मासळीच्या गाड्यांचे कॉम्प्रेसर दुरुस्त करणारी एक मोठी कार्यशाळा होती. तिथले फोरमन, पेशावरचे खानसाहेब, त्यांना मी स्वतः जाऊन भेटले, आणि एक बंद कॉम्प्रेसर त्यांच्यासमोर खोलून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि सहा आठवडे शिकायला घेतो म्हणाले. एका मुलीला त्या भागात कुणी घेतलं नव्हतं आजवर. मला त्या रात्री जेवण गेलं नाही इतका आनंद झाला. फक्त एक कागद लागणार होता. माझा व्हिसा बाबांच्या नावावर, म्हणून बाबांचं ना हरकत पत्र. "बेटी, वालिद साहब का एनओसी लाओ, जुमेरात तक," खानसाहेब म्हणाले. "बाद में मैं जगह नहीं रख सकता."

जुमेरात म्हणजे गुरुवार. तो रविवार होता. मी एनओसीचा छापील नमुना बाबांपुढे ठेवला आणि म्हटलं, "बाबा, प्लीज साइन धिस. इट्स अर्जंट." बाबांनी तो वाचला, एकदा नव्हे, दोनदा, वकिलासारखा. मग चष्मा काढून फ्रिजियनमध्ये काहीतरी म्हणाले. आई म्हणाली, "मराठीत माग म्हणतायत. एक वाक्य. तेवढं बोल ना गं राणी, तुझ्या बापाचा स्वभाव तुला माहितीय."

एक वाक्य. आईला ते केवढंसं वाटत होतं. मला मात्र पुढचं सगळं दिसत होतं. मंडळाची वार्षिक सभा पंधरा दिवसांवर होती, आणि यंदा अध्यक्षपदासाठी दाबके काका उभे होते. दाबके काका ऑडिटर, गोड बोलणारे, घरोघरी श्रीखंडाचे डबे पोचवणारे. बाबांची खुर्ची डळमळीत होती हे सगळ्यांना माहीत होतं. जुन्या वाक्यावर आठ वर्षं हशा मिळवणाऱ्या माणसाच्या हातात मी नवीन वाक्य देणार होते, तेही संप मोडल्याच्या गोष्टीसकट. सहा वर्षांत माझं मराठी आणखीच गंजलं होतं. चुकणार हे नक्की होतं. मी म्हटलं, "आय कान्ट." आईने विचारलं, "का पण?" ते सांगायलाही मराठी लागलं असतं, असं मला तेव्हा वाटत होतं. मी उठून खोलीत गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले.

सोमवारी आईने बाबांना काय सुनावलं ते मला भिंतीतून ऐकू आलं. "अहो, पोरीचं वर्ष आहे. तुमच्या तत्त्वापायी तिचं नुकसान झालं तर मी इथे राहणार नाही, आत्ताच सांगते." अर्ध्या तासाने बाबांनी माझ्या दाराखालून एक लिफाफा सरकवला. आत त्यांच्या लेटरहेडवर, त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं, सही-शिक्क्यासकट पत्र होतं. फ्रिजियनमध्ये. आईने ते बघितलं आणि मटकन खाली बसली. बाबा बैठकीतून म्हणाले, "एनओसी मागितलं, दिलं. कुठल्या भाषेत हवं ते लिहिलेलं नव्हतं." हे ते आईला मराठीत म्हणाले, म्हणजे संप तांत्रिकदृष्ट्या चालूच होता.

मंगळवारी मी तोच कागद घेऊन रोल्लाच्या टायपिंग सेंटरमध्ये गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे सरकारदरबारचं कुठलंही काम टायपिंग सेंटरमधून जातं. तिथे कागद अरबीत करून मिळतो. काउंटरवरचे कोयाभाई आम्ही इथे आल्यापासून आमचे कागद करत आले होते. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून पत्र वाचायचा प्रयत्न केला, मग पलीकडच्या टेबलावर दाखवलं, मग चहावाल्याला. "ये क्या है, मोले? जर्मन?" मोले म्हणजे मल्याळममध्ये पोरी. मी म्हटलं, "फ्रिजियन." कोयाभाई म्हणाले, "तुम्हारा पप्पा ठीक तो है ना?" रांगेतल्या दोघातिघांनी माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. एकाने मला पुढे जाऊ दिलं. कोयाभाईंनी कागद परत दिला आणि म्हणाले, आधी कुणाकडून तरी इंग्रजी करून आण, मग बघू. असं करून देऊ शकणारा माणूस सगळ्या अमिरातीत मला एकच माहीत होता.

बुधवारी संध्याकाळ होता होता मी श्यूर्ट अंकलच्या घरी गेले. खाडीकाठच्या जुन्या इमारतीत ते एकटेच राहायचे. सगळीकडे गलबतांचे नकाशे, आणि चीजचा वास. मी इंग्रजीत सगळं सांगितलं, बरंचसं चिडूनच. त्यांनी कॉफी ओतली, खिडकीपाशी उजेडात बसून पत्र वाचलं, आणि वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी विचारलं, हे एनओसी म्हणून चालेल का. ते म्हणाले, "नाही. याला कुठल्याही कार्यालयात कुणी एनओसी म्हणणार नाही. पण मी तुला वाचून दाखवतो." आणि बोट ठेवून एकेक ओळ इंग्रजीत सांगितली.

ही माझी मुलगी. ती चांगली आहे. मोडलेली वस्तू ती बघते, मग वस्तू चालते. तिला जाऊ द्या. तिथे ऊन फार. तिला पाणी द्या. ती माझ्याशी बोलत नाही. मी वाट बघतो.

एवढंच. बाबांनी आयुष्यात लिहिलेले कागद मी पाहिले होते. त्यांत 'सदरहू' आणि 'उपरोक्त' यांच्याशिवाय वाक्य पुरं व्हायचं नाही. वकिली करायला त्यांच्याकडे या भाषेत शब्दच नव्हते. चार वर्षांच्या पोराइतके शब्द होते, त्यांत हे बसलं. मला भरून आलं, आणि त्याच वेळी रागही आला. वाट बघतो म्हणे. वाट अडवून कोण बसलं होतं?

तेवढ्यात बेल वाजली. बुधवारची शिकवणी. बाबा आत आले, मला बघून थबकले, आणि संपाच्या नियमाप्रमाणे "गूये" म्हणाले. अंकलनी त्यांना बसवलं आणि, मला आजही कळत नाही का, मुद्दाम म्हणून की सवयीने, शिकवणी सुरू केली. दिवस कसा गेला असं काहीतरी त्यांनी विचारलं. बाबा सांगायला लागले. अडखळत, घामाघूम होत, हातवारे करत, निम्मे शब्द इंग्रजी आणि दोन चक्क मराठी. ते काय बोलतायत ते मलासुद्धा कळेना. अंकल शांतपणे ऐकत होते. हसले नाहीत. दुरुस्त केलं नाही. बाबांचं वाक्य कुठेतरी दलदलीत रुतलं तरी ते मान हलवून थांबून राहायचे, आणि बाबा त्यातून निघून पुढे जायचे. माझे बाबा, एवढे मोठे वक्ते, लहान पोरासारखे चुकत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती, कारण समोरचा माणूस त्यांना लाज वाटू देत नव्हता.

आणि माझं तोंड उघडलं. पुढचं मात्र जसंच्या तसं लिहिते, दुरुस्त न करता, कारण ते माझं आहे. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही चुकता, ते हसत नाही. मी चुकली, तुम्ही हसला. स्टेजवर सांगितला. सगळ्यांना. नऊ इयर्सची होती मी. परत परत सांगितला. म्हणून मी नाही बोलते. मला येतच नाही आता."

बाबांनी सहा वर्षांनी माझं मराठी ऐकलं. आणि त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. हसूच होतं ते, सवयीचं, हशाची जागा हेरणाऱ्या माणसाचं. अंकलना मराठीचा म सुद्धा कळत नव्हता, पण त्यांनी ते पाहिलं. त्यांनी टेबलावर तळहात ठेवला आणि फ्रिजियनमध्ये दोनच शब्द म्हणाले. हसू नको. ते मला कुणी सांगायची गरज पडली नाही, आणि बाबांनाही नाही.

बाबांचा चेहरा उतरला. तरी ते वकीलच. "अगं, लोक प्रेमाने हसतात," ते म्हणाले. मराठीत. "इतकं गोड वाक्य होतं ते."

"तुम्हाला गोड," मी म्हटलं.

बाबांनी नजर नकाशांकडे वळवली. अंकल उठून स्वयंपाकघरात गेले आणि नको तेवढा वेळ भांडी धूत राहिले. शेवटी बाबा म्हणाले, "सही कुठे करायची?" मी पिशवीतून छापील नमुना काढला. त्यांनी या वेळी तो वाचला नाही. सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि कागद माझ्याकडे दिला. माफी मागितली नाही. ती त्यांना कुठल्याच भाषेत येत नव्हती. गुरुवारी सकाळी कोयाभाईंनी अरबी करून दिलं, दुपारी मी खानसाहेबांच्या हातात दिलं, आणि शनिवारपासून मी कामाला लागले.

पण माझा जीव शांत झाला नव्हता. वार्षिक सभा यायची होती. घरी बाबा आता मराठीत बोलत होते, मी मोजून दोन-तीन शब्दांत उत्तर देत होते, आणि प्रत्येक शब्दागणिक वाटायचं, हा हिशेबात धरला जातोय. दाबके काकांचं वजन वाढत होतं. आई म्हणाली, "यंदा अवघड आहे. भाषणावरच काय ते." बाबा खोलीत येरझाऱ्या घालत भाषण पाठ करायचे, मी आले की थांबायचे. मला जायचंच नव्हतं, पण आईने ओढून नेलं.

हॉल भरला होता. दाबके काका आधी बोलले आणि छान बोलले. मग बाबा उठले. कार्यशाळेच्या ग्रीसने काळी झालेली माझी नखं मी मांडीखाली लपवून बसले होते. बाबांनी सुरुवात केली, मंडळाचं काम सांगितलं, शनिवारचा मराठी वर्ग सांगितला, आणि मग त्यांचा तो ओळखीचा सूर लागला. "माझी मुलगी लहान असताना एकदा," ते म्हणाले आणि थांबले.

लोक हसायला लागले. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी मागे वळून माझ्याकडे बोट दाखवलं. दोनशे माणसं वाट बघत होती. मला उठून बाहेर जायचं होतं. बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला, अर्धा प्यायले, खाली ठेवला.

"एकदा ती इथे बोलली होती," बाबा म्हणाले. "आपण सगळे हसलो होतो. मी सगळ्यात जास्त. आता ती मासळीच्या गाड्यांचे कॉम्प्रेसर दुरुस्त करते." एवढं बोलून त्यांना पुढचं भाषण आठवेना. त्यांनी कागद चाचपला, तो खिशात नव्हता. "धन्यवाद," ते म्हणाले आणि खाली बसले.

हशा नाही, टाळी नाही. बाबा मोठ्या फरकाने पडले, आणि दाबके काकांनी त्यांना श्रीखंडाचा डबा दिला.

घरी परतताना गाडीत आई पुढे, मी मागे. आईला राहवलं नाही. "ते एक वाक्य म्हटलं असतंत, तर आला असतात निवडून. सवय झालीय लोकांना त्याची." बाबा म्हणाले, "हो." आणि गाडी चालवत राहिले. त्यांचं काहीतरी मोठं गेलं होतं, दुसऱ्यांदा गेलं होतं, आणि या वेळी त्यांनी ते स्वतःच्या हाताने दिलं होतं. मला काय बोलावं सुचेना. म्हणून मी कार्यशाळेतलं सांगायला लागले. एक गाडी येते, तिचा गारवा टिकत नाही, खानसाहेब म्हणतात गॅस भर, मला वाटतं गळती दुसरीकडेच आहे. मराठीत. दर वाक्याला ठेच लागत होती, शब्द सापडत नव्हता तिथे मी इंग्रजी घालत होते, हिंदी घालत होते, एकदा तर हाताने नळीचा आकार करून दाखवला, जो गाडी चालवणाऱ्या माणसाला दिसणं शक्य नव्हतं.

"अहो, एक्झिट गेला आपला," आई म्हणाली. "आता अजमानपर्यंत जावं लागेल. लक्ष कुठे आहे तुमचं?"

मी हात खाली घेतला. आरशात बाबांचे डोळे दिसत होते, रस्त्यावर खिळलेले.

"मग गळती कुठे होती?" बाबांनी विचारलं.